एकादशीचा प्लाझ्मा

मी आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि तीही पुरती मारून झाली नव्हती. "मी करून दाखवतो" एवढं तोंडातून बाहेर पडलं आणि "असं वाटतं" हे दोन शब्द घशातच राहिले. ते वेळेवर बाहेर पडले असते, तर वाचकहो, मी आज तुमच्यासमोर मान खाली घालून बसलो नसतो!

गोष्ट १९७८ च्या एप्रिलातली. मी तेव्हा नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण मालकांचे चिरंजीव रस्त्यात दिसले की अजूनही दुसऱ्या बाजूला पाहतात. तिथे फिनेल व्हायचं, डिस्टिल्ड वॉटर व्हायचं आणि मागच्या एका खोलीत मी एकटा बसून रक्त तपासायची एक भुकटी करायचो. दवाखान्यात रोग्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी खाली बसवतात. वर जे पिवळसर पाणी उरतं तो प्लाझ्मा. त्यात ही भुकटी कालवून टाकायची, स्टॉपवॉच दाबायचं आणि गोठायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. धडधाकट माणसाचा प्लाझ्मा बारा-तेरा सेकंदांत गोठतो.

आता भुकटी बरोबर आहे, घड्याळ बरोबर आहे, हात बरोबर आहे, हे कशावरून? म्हणून दवाखान्यात रोज सकाळी आधी असा प्लाझ्मा तपासतात, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. त्याला म्हणतात कंट्रोल. म्हणजे पोरांचे पेपर तपासण्याआधी मास्तरांचीच परीक्षा! हा कंट्रोल परदेशातून यायचा. बर्फात गोठवून, हवा खेचून वाळवलेला, इवल्याशा बाटलीत. पाणी घातलं की पुन्हा ताजा.

त्या वर्षी परदेशी बाटल्यांची पेटी मुंबईच्या गोदीत अडकली ती अडकलीच. दोन महिने वाट पाहून एका मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टर शोभाताई स्वतः आमच्या मालकांकडे आल्या. मालकांचं नाव बाबाराव. मी नेहमीप्रमाणे दाराच्या आड उभा होतो.

"बाबारावजी, माझ्याकडे हृदयाचे तीस पेशंट आहेत," शोभाताई म्हणाल्या. "रक्त पातळ करायची गोळी घेतात. किती गोळ्या द्यायच्या ते मी या तपासणीवर ठरवते. जास्त झाल्या तर रक्त वाहत राहतं, कमी झाल्या तर आत गाठ होते. आणि कंट्रोल नसल्यामुळे मी दोन महिने नुसती चाचपडते आहे. या एवढ्या नागपुरात एकालाही ते करता येऊ नये?"

याच विषयावरचं एक जाड पुस्तक मी नुकतंच दुसऱ्यांदा वाचून संपवलं होतं. आणि कसं कोण जाणे, दाराच्या आडून आवाज आला, "मी करून दाखवतो!"

आवाज माझाच होता. मीसुद्धा दचकलो.

बाबाराव खुर्चीतून उठले. अकरा वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून 'हो' आणि 'बरं' यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. "देवरावजी बोलले! मॅडम, लिहून घ्या! मे महिन्याच्या एकतीसले शंभर बाटल्या तुमच्या टेबलावर!" मग शोभाताई गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडमनं पास केल्या तं मागची खोली पक्की तुमची. नाई केल्या, तं खोली फिनेलच्या गोडाऊनले जाईन, अन् तुम्ही फिनेलच्या शेडमधी. बरोबर हाय का नाई?"

"बरं," मी म्हणालो.

फिनेलची शेड म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला माझं दुःख कळायचं नाही. वर पत्रे, खाली उकळती पिंपं. तिथल्या माणसानं आंबा खाल्ला तरी तो फिनेलचा लागतो. माझ्या खोलीला खिडकी होती, खिडकीबाहेर कडुलिंब होता, भिंतीत पुस्तकांचं फडताळ होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती तीन वर्षं त्या खिडकीशी काढावीत, एवढीच माझी या जगाकडे मागणी होती.

घरी आलो तर आमच्या मंडळी, वच्छला, गच्चीवर कुरडया आणि गव्हाचे सरगुंडे वाळत घालत होत्या. मी सगळं सांगितलं.

"अवो, नागपूरच्या उन्हात रक्त वाळवाले मशीन कायले पाहिजे?" ती म्हणाली. "आणा इथं. माह्या कुरडया दोन दिवसांत कडक होते."

"उन्हात वाळवलं तर त्यातला जीव जातो. आधी त्याचा बर्फ करायचा. मग भोवतालची हवा खेचून घ्यायची. म्हणजे बर्फाचं पाणी न होता एकदम वाफ होते."

"पानी न होता?"

"हो."

"पाहिलं तुम्ही?"

"वाचलं."

"हूं," ती म्हणाली, आणि कुरडयांकडे वळली. आमचा तीस वर्षांचा संसार या एका हुंकारावर चालत आला आहे.

मशीन होतं. बाबारावांनी ते कुठल्याशा बंद पडलेल्या औषधाच्या कारखान्यातून आणून ठेवलं होतं, आणि मी ते आठ दिवसांत चालू केलं. खरी अडचण मशीनची नव्हती, माणसांची होती. निदान वीस धडधाकट माणसांचं रक्त हवं, आणि तेही उपाशीपोटी. तेलातुपाचं खाऊन आलेल्या माणसाचा प्लाझ्मा गढूळ होतो, आणि गढूळ प्लाझ्मा कंट्रोल म्हणून कुचकामाचा.

म्हणजे वीस माणसांना मी जाऊन सांगायचं, "बाबांनो, सकाळी काही खाऊ नका." वीस! मला आमच्या गवळ्याला 'दुधात पाणी कमी घाल' एवढं सांगायला जमलेलं नाही. मी तीन दिवस आरशासमोर तालीम केली. आरशातल्या माणसानंसुद्धा माझं ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. वैशाखातली एकादशी! सगळा कारखाना एकादशी धरतो. रक्त त्याच दिवशी घ्यायचं. कोणाला काही सांगायला नको, विनवायला नको, नोटीस नको. माझे वडील एकादशीला दोन पेले लिंबूपाणी आणि एक केळं घेत. मीही तेच घेतो. मला वाटलं, एकादशी म्हणजे सगळीकडे तेच!

या कल्पनेवर मी इतका खूश झालो की बाबारावांना स्वतःहून "नमस्कार" म्हणालो.

एकादशीला अकरा वाजता शोभाताईंनी पाठवलेली दोन माणसं सुया-बाटल्या घेऊन आली. फोरमन रुपरावांनी वीस जण रांगेत उभे केले. त्यात स्वतः रुपराव पहिले. सगळे हसतमुख. दोघा-तिघांनी ढेकर दिले. उपाशी माणसाला ढेकर येतो याचं मला जरा नवल वाटलं, पण वाताचा असेल असं म्हणून मी पुढे गेलो. माझ्या बावळटपणाला मर्यादा नाही, हे मी इथे लिहून ठेवतो.

रक्त घेतलं, पेशी खाली बसवणाऱ्या फिरकीत गरगर फिरवलं, पहिली नळी बाहेर काढली. खाली तांबड्या पेशी छान बसल्या होत्या, आणि वर... वर दूध!

अहो, दूध! पांढरंशुभ्र! साय धरायची तेवढी बाकी होती. मी चष्मा पुसला. दुसरी नळी काढली, तर ती म्हशीची. तिसरी काढली, तर तिचं आटवून बासुंदी करावी! एकोणीस नळ्या पांढऱ्या निघाल्या. फक्त एक, विसावी, स्वच्छ पिवळी होती. ती होती ताराचंद नावाच्या हमालाची.

मी रुपरावांना गाठलं. "रुपराव, सकाळी काय खाल्लं?"

"खाल्लं? आज एकादशी हाय नं जी! काई नाई खाल्लं."

"काहीच नाही?"

"काईच नाई. थोडी साबुदाण्याची उसळ."

"थोडी म्हणजे?"

"दोन पलेटा. अन् कॅन्टीनवाल्या नत्थूजीनं साबुदाण्याचे वडे काढले होते, ते सात-आठ. आलूचा चिवडा. शेंगदाण्याचे लाडू. अन् आज रक्त देयाचं हाय म्हनून नत्थूजीनं सगळ्याइले वरून एक-एक वाटी तूप पाजलं. बाकी निरंकार, देवाशप्पथ!"

तेवढ्यात खुद्द नत्थूजी खांद्यावर फडकं टाकून आले. "देवरावजी, तुमच्या कामात म्या काई कमी पडू देलं नाई, बरं का! शुद्ध तूप होतं!"

मी ताराचंदकडे वळलो. "आणि तू?"

ताराचंदनं खाली पाहिलं. "साहेब, खोटं नाई बोलत. मी एकादशी नाई धरत. सकाळी अर्धी भाकर खाल्ली मिरचीच्या ठेच्यासंगं. माफी करा."

वीस जणांत एकटाच उपाशी निघाला, तो उपास न धरणारा!

आता हे दूध टाकून द्यावं की काय करावं, ते मला सुचेना. जे ताबडतोब सुचत नाही ते मी फ्रिजमध्ये ठेवतो. कारखान्यात फ्रिज एकच, आणि त्यातच नत्थूजी चहाचं दूध ठेवत. काही घोटाळा होऊ नये म्हणून मी मोठ्या चंबूवर ठळक अक्षरांत चिठ्ठी डकवली: 'हे दूध नाही.'

तोवर ते दूध असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं! चिठ्ठी वाचल्याबरोबर प्रत्येक जण विचारू लागला, "मंग काय हाय?" आणि दुपारपर्यंत सगळा कारखाना ओळीनं फ्रिज उघडून पाहून गेला.

"रुपरावचं हाय म्हनते."

"काय सांगतो गा! अंगातून असं निघालं?"

"अन् आपण चहा कशाचा पेऊन राहिलो मंग?"

झालं! पुढचे चार दिवस कारखान्यात कोणी चहाला तोंड लावलं नाही. नत्थूजी रिकाम्या कॅन्टीनमध्ये एकटे बसत, आणि मी समोरून गेलो की फडकं जोरात आपटत. लोक मला वाट सोडून बाजूला होत. इतकी वर्षं मी लोकांना घाबरत आलो. आता लोक मला घाबरू लागले, पण मला त्याचा काही उपयोग करता आला नाही.

द्वादशीला सकाळी खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. कमरेला पदर खोचलेला. मागे रुपराव, चेहरा पडलेला.

"इथं देवरावजी कोन हाय?"

मी वाळवायच्या मशीनमागे होतो, पण चष्मा टेबलावर राहिला होता. बाहेर यावं लागलं.

"मी प्रयागबाई. याह्यची बायको. याह्यचं रक्त पांढरं निघालं म्हनते?"

"थोडंसं," मी म्हणालो.

"काहून?"

"चरबीमुळे. म्हणजे तेलतूप खाल्लं की..."

"मी याह्यले घरून भगर अन् ताक देलं होतं. थेंबभर तेल नाई टाकलं त्यात! मंग चरबी कुठून आली?"

तिच्या पाठीमागून रुपराव मला खुणा करू लागले. एकदा गळ्यावर हात, एकदा आकाशाकडे हात, मग दोन्ही कानांच्या पाळ्या. त्यातून मला काहीही कळलं नाही. नत्थूजींच्या कॅन्टीनचं नाव घ्यायचं की घ्यायचं नाही? मी गप्प बसलो. आणि माझं गप्प बसणं नेहमी गुन्हेगाराच्या वकिलासारखं दिसतं.

"मटन होतं नं?" प्रयागबाईंचा आवाज चढला. "खरं सांगा! एकादशीले सावजीकडे जाऊन मटन खाल्लं नं यानं?"

"बाई, चरबी कशाची ते रक्तावरून सांगता येत नाही हो!"

"पाहा! सांगता येत नाई म्हनते! म्हनजे माहीत हाय, पन सांगता येत नाई!"

"अवं, तूप होतं वं! नत्थूजीचं तूप!" रुपराव कळवळले.

"नत्थूजीनं तूप कदी पाहिलं तरी हाय काय? डालड्याचा डबा घेऊन फिरते तो! चला घरी!"

ती गेली. जाताना रुपरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्या दिवशी केळंसुद्धा खाल्लं नाही.

माझी अवस्था आता अशी होती: दूध फ्रिजमध्ये, मशीन रिकामं, एकतीस मे बारा दिवसांवर. ज्यांनी रक्त दिलं होतं त्यांच्याकडून तीन महिने पुन्हा घेता येत नाही. उरलेले तेवीस जण मला पाहून पिंपांमागे लपत. मी घरी येऊन वच्छलेला म्हणालो, "बहुतेक फिनेलच." तिनं माझे दोन जुने सदरे काढून ठेवले, वास लागला तर लागला म्हणून.

आणि मग सोमवारी सकाळी तो प्रकार घडला. कारखान्याच्या फाटकाशी पाहतो तो बायकांची ही गर्दी! पुढे प्रयागबाई. प्रत्येकीनं आपापला नवरा दंडाला धरून आणला होता. बिनलग्नाच्या दोघांच्या आया आल्या होत्या. प्रयागबाईंनी चार दिवसांत वाडीपासून हिंगण्यापर्यंत निरोप पोचवला होता, की कारखान्यात एक म्हातारे साहेब आहेत, ते रक्त पाहून नवऱ्यानं बाहेर काय खाल्लं ते ओळखतात!

"हे घ्या," प्रयागबाई म्हणाल्या. "तेवीस हायेत. काल दिवे लागल्यापासून पान्याशिवाय काई देलं नाई एकालेबी. पाहा याह्यचं!"

मी हात जोडले. "अहो बाई, असं काही कळत नसतं! काल खाल्लेलं आज दिसतंच असं नाही. मला फक्त..."

हे सगळं मी बोललो. खरंच बोललो, देवाशपथ! फक्त इतक्या हळू, की माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ते ऐकू गेलं नाही. तो शेजारचा माणूस म्हणजे नानाजी, आमचा सगळ्यांत धिप्पाड हमाल. मी त्याच्याकडे वळलो. "नानाजी, मनात नसेल तर देऊ नका. सक्ती नाही. मी बाबारावांना सांगेन."

नानाजीनं मागे बायकोकडे पाहिलं आणि बाही वर केली. "काढा साहेब, काढा! रक्त देलेलं पुरते. घरी गेल्यावर जवाब देनं नाई पुरत."

बाकीच्यांनी माना हलवल्या. शोभाताईंची माणसं पुन्हा आली. नानाजी सुई पाहताच आडवा झाला. त्याला उचलायला चौघे लागले, आणि चौघेही उपाशी असल्यामुळे त्यांतला एक त्याच्यावरच पडला. दोघांनाही पाणी पाजून परत पाठवलं. उरलेल्या एकवीस जणांच्या नळ्या मी फिरकीत घातल्या आणि डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा एकवीस नळ्या गव्हाच्या काडासारख्या पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या! मी एकेक उजेडात धरून पाहिली. माझे डोळे भरून आले. हे असलं माझ्या हातून होत नसतं.

बायकांमध्ये एकदम आनंदीआनंद झाला. "माह्या मालकाचं साफ निघालं वं!" "माह्याचंबी!" नवऱ्यांना तिथल्या तिथे डब्यातल्या पोळ्या भरवल्या गेल्या. फक्त प्रयागबाई एकट्या उभ्या होत्या, आणि त्या हळूहळू रुपरावांकडे वळल्या.

"म्हनजे एकवीसच्या एकवीस साफ," त्या म्हणाल्या. "अन् एक तुमीच तेवढे."

बाकीच्या अठरा पांढऱ्या नळ्यांचं नाव कोणी काढलं नाही, आणि रुपराव पुढचा दीड महिना ओसरीवर झोपले. मला म्हणाले, "देवरावजी, तुम्ही माहा संसार नासवला जी!" मी म्हणालो, "बरं." दुसरं काय म्हणणार?

प्लाझ्मा एकत्र केला, बाटल्यांत मोजून घातला, गोठवला, मशीनमध्ये ठेवला. दोन दिवस पंप धडधडत होता आणि मी शेजारी स्टुलावर बसून होतो. वीज गेली तर? तेल संपलं तर? पट्टा तुटला तर? काहीही झालं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. तिसऱ्या दिवशी दार उघडलं, तर प्रत्येक बाटलीच्या तळाशी फिक्या पिवळ्या रंगाची एक हलकी चकती. बत्ताशासारखी!

फ्रिजमधून माझी ताजी भुकटी काढली, एका बाटलीत पाणी घातलं, स्टॉपवॉच दाबलं. तेरा सेकंद. दुसरी, तेरा. दहा बाटल्या तपासल्या. दहाही तेरा! माझा माझ्यावर विश्वास नसल्यामुळे आणखी दहा तपासल्या. तेराच!

एकतीस मेला मी आणि बाबाराव दवाखान्यात गेलो. बाबारावांनी संत्रा बर्फीचा डबा घेतला होता. शोभाताईंनी एक बाटली उचलली, पाणी घातलं, न हलवता वीस मिनिटं ठेवली. मग त्यांच्या कपाटातली आमच्याच कारखान्याची भुकटी काढली आणि घड्याळ दाबलं.

दहा. अकरा. बारा. तेरा.

नळीत पाणी तसंच.

चौदा. पंधरा. सोळा. बाबारावांनी बर्फीच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. सतरा. अठरा! आता कुठे गाठ धरली.

"पुन्हा," शोभाताई म्हणाल्या. दुसरी बाटली, अठरा. तिसरी, अठरा.

माझ्या नाकात फिनेलचा वास शिरला. "चूक माझीच असणार," मी म्हणालो. हे वाक्य मला न अडखळता येतं. "मी आधीच सांगायला हवं होतं. मला हे काम झेपणारं..."

"थांबा हो देवरावजी!" शोभाताईंच्या कपाळाला आठी होती. "तीनही बाटल्या अगदी सारख्या आल्या. बिघडलेला माल इतका सारखा बिघडत नाही." त्यांनी कपाटात अगदी मागे हात घालून परदेशी भुकटीची शेवटची बाटली काढली. पेटी अडकण्याआधी त्या हीच वापरायच्या; शेवटची म्हणून जपून ठेवली होती. माझा कंट्रोल, त्यांची परदेशी भुकटी. घड्याळ दाबलं.

साडेबारा. पुन्हा साडेबारा. पुन्हा साडेबारा!

माझा कंट्रोल खरा होता. म्हणजे खोटं कोण होतं? भुकटी. कोणाची? कारखान्याची. कारखान्यात ती कोण करतं?

मी करतो.

माझ्या खोलीत ती बरोबर होती, कारण ती फ्रिजमध्ये होती. दवाखान्यांना जायची ती पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून राहायची, नागपूरच्या उन्हाळ्यात, शेहेचाळीस डिग्रीत भाजत. तिला थंड जागा हवी, हे बाबारावांना सांगायचं मी अकरा वर्षं मनाशी ठरवत होतो. तशी वेळच येत नव्हती.

शोभाताई मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे माझ्या पेशंटचं रक्त ठीक होतं. भुकटीच मरगळलेली, म्हणून सेकंद जास्त येत होते. आणि रक्त फार पातळ झालं समजून मी उन्हाळाभर सगळ्यांच्या गोळ्या कमी करत बसले! एखाद्याच्या हृदयात गाठ झाली असती हो!" त्या ताडकन उठल्या आणि रजिस्टर ओढलं. "तिसांच्या तीस जणांना आजच बोलावते. देवरावजी, तुमच्या बाटल्या पास. शंभर टक्के पास. दर महिन्याला शंभर द्या."

"अन् आमची भुकटी?" बाबारावांनी विचारलं.

"ती सगळी परत न्या. आणि ज्या ज्या दवाखान्यात दिली असेल, तिथूनही आणा. आजच."

परत येताना गाडीत बाबारावांनी बर्फीचा डबा मांडीवर घट्ट धरला. मग म्हणाले, "देवरावजी, म्या तुम्हाले कंट्रोल कराले सांगतलं होतं. पहिल्याच दिवशी आपल्याच घरावर टांच आननारा कराले सांगतलं होतं काय?"

"चुकलं," मी म्हणालो.

"नाई, पन मॅडमनं पास केलं. बाबारावचा शब्द म्हनजे शब्द. मागची खोली फिनेलले जानार नाई. उद्याच तिथं मोठा कूलर लावतो. वाळ्याच्या ताट्या लावतो खिडकीले. भिंती चुन्यानं पांढऱ्या करतो."

मला भरून आलं. "इतकं कशाला..."

"भुकटीसाठी!" बाबाराव म्हणाले. "आजपासून सगळा माल त्या खोलीत राहीन. थंड जागा पाहिजे म्हनता नं? अकरा वर्षं बोलले काहून नाई? आता त्या खोलीत पेट्याइलेच जागा नाई पुरनार, तं तुम्ही कुठं बसान? तुमचं टेबल हलवा शेडमधी."

शोभाताईंचे तीसही पेशंट सुखरूप राहिले, हे मी आधीच सांगायला हवं होतं. त्या दर महिन्याला निरोप पाठवायच्या. माझ्या निवृत्तीपर्यंत दर महिन्याला शंभर बाटल्या जात राहिल्या, आणि सगळ्या तेरा सेकंदांच्या आत-बाहेर. भुकटी कूलरसमोर गारव्यात बसली. मी तीन वर्षं फिनेलच्या पिंपांशेजारी बसलो. फावल्या वेळात तिथला मालही मलाच तपासायला लावला.

ते काम अगदी सोपं होतं. फिनेलला घड्याळ लागत नाही, कंट्रोल लागत नाही. नाक लावायचं, वास आला की माल पास! फक्त तिसऱ्या महिन्यापासून मला वास येणंच बंद झालं होतं. ते बाबारावांना सांगायचं मी मनाशी ठरवत होतो, पण तशी वेळच आली नाही.